एडिसनची न गाजलेली बॅटरी

एडिसन म्हटलं की आपल्याला आधी दिवा आठवतो. शाळेच्या पुस्तकाने तेवढंच डोक्यात भरलंय. पण तुमच्यापैकी कुणी जुना १६ एमएमचा फिल्म कॅमेरा भाड्याने आणून शॉर्टफिल्म करायच्या विचारात असेल, तर दिवा जरा बाजूला ठेवा आणि त्याच्या बॅटरीची गोष्ट ऐका.

थॉमस अल्वा एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. शाळा फारशी झालीच नाही. त्यात लहानपणापासून ऐकायला कमी यायचं. पोरवयात तो रेल्वेत पेपर विकायचा आणि सामानाच्या डब्यात रसायनांचे प्रयोग करायचा. पुढे तारायंत्रावर नोकरी लागली. तेव्हाची तारायंत्रं बॅटरीवर चालत, त्यामुळे तिच्याशी ओळख तिथेच झाली. फोनोग्राफ, दिवा, न्यूयॉर्कचं वीजकेंद्र हे सगळं त्याने पस्तिशीपर्यंत उरकलं.

मग आला कॅमेरा. त्यातली बरीचशी मेहनत त्याचा सहकारी विल्यम डिक्सनची, हे विसरू नका. या कॅमेऱ्याला विजेची मोटर होती, म्हणून फिल्म एका वेगाने सरकायची. पण यंत्र अवजड, त्यात मोटरला वीज हवी. घेऊन जाणार कुठे? म्हणून १८९३ मध्ये वेस्ट ऑरेंजला काळ्या डांबरी कागदाने मढवलेला स्टुडिओ बांधला. छत उघडायचं आणि अख्खी खोली रुळांवर सूर्याच्या दिशेने फिरवायची! नर्तक, पैलवान, कसरतपटू, सगळ्यांनी कॅमेऱ्यापुढे तिथे यायचं.

तिकडे फ्रान्समध्ये ल्युमिए बंधूंनी १८९५ मध्ये हाताने फिरवायचा, साधारण ५ किलोचा कॅमेरा काढला. मोटर नाही, वायर नाही. त्यांची माणसं तो घेऊन जगभर हिंडली. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा खेळ झाला, आणि १८९९ मध्ये आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. १८९६ मध्ये एडिसनच्या लोकांनीही हाताचा कॅमेरा उचलून न्यूयॉर्कचे रस्ते गाठले. विजेचा कॅमेरा घरातच राहिला, कारण सोबत नेता येईल अशी वीज नव्हती.

पन्नाशी ओलांडल्यावर एडिसन नेमक्या त्याच कामाला लागला. अर्थात, त्याच्या डोक्यात सिनेमा नव्हता, विजेवरच्या मोटारगाड्या होत्या. पुन्हा चार्ज होणारी शिशाची बॅटरी तेव्हाही होती; पण ती जड, आणि आत ॲसिड. त्याने निकेल, लोखंड आणि पोटॅशचं द्रावण निवडलं, हजारो प्रयोग केले, भरपूर गाजावाजा केला आणि माल बाजारात आणला. वर्ष-दीड वर्षात डबे गळायला लागले, ताकद उतरायला लागली.

आता तुम्ही काय केलं असतं? नाव एवढं मोठं, पैसा अडकलेला. एडिसनने १९०४ मध्ये उत्पादन थांबवलं, खराब बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नवी बॅटरी यायला १९०९ उजाडलं. तोवर फोर्डची पेट्रोलची मोटार रस्त्यावर आली होती. ज्या गाडीसाठी ही सगळी खटपट, ती बाजी हातची गेली. पण बॅटरी टिकाऊ निघाली. रेल्वेच्या सिग्नलना ती लागली. खाणकामगारांच्या टोपीवरच्या दिव्यालाही लागली, आणि ज्वालाग्राही वायू असलेल्या खाणीत उघड्या ज्योतीशिवाय उजेड मिळाला.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर लोखंडाच्या जागी कॅडमियम वापरत होता. तुमच्या भाड्याच्या ॲरिफ्लेक्सबरोबर येणारा जुना बॅटरीपट्टा बहुधा याच निकेल-कॅडमियमचा असतो; आत सेल बदलून निकेल-मेटल हायड्राइड घातलेले असले, तरी घराणं तेच. निकेल आणि पोटॅश दोन्हीकडे.

म्हणून शूटला निघण्यापूर्वी काही गोष्टी बघून घ्या. आधी व्होल्टेज: ॲरिफ्लेक्स १६ एसला ८ व्होल्ट लागतात, एसआरला १२. अदलाबदल केलीत तर मोटर जायची. दाब तपासायचा तो कॅमेऱ्यात फिल्म भरून, मोटर चालू असताना; मोकळ्या बॅटरीचा आकडा फसवतो. साध्या मोटरच्या कॅमेऱ्यात बॅटरी उतरली की वेग मंदावतो, दृश्य जादा उजळतं आणि पडद्यावर माणसं धावत सुटतात. हे कळतं फिल्म धुऊन आल्यावर, म्हणजे उशिराच. निकेल-कॅडमियमचा जुना चार्जर हायड्राइडला लावू नका. या बॅटऱ्या नुसत्या पडूनही उतरतात, म्हणून चार्जिंग आदल्या रात्रीच करा. ४०० फुटांचं १६ एमएमचं रीळ २४ फ्रेमच्या वेगाने ११ मिनिटं चालतं. तुमची रिळं मोजा, एका चार्जवर किती निघतात ते आधी पाहा आणि एक बॅटरी जास्तीची ठेवा.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी, ८४व्या वर्षी एडिसन गेला. दिव्याने त्याला कीर्ती दिली. पण विकून झालेला माल परत घेऊन पाच वर्षं पुन्हा प्रयोगाच्या टेबलाशी बसणारा एडिसन मला जास्त जवळचा वाटतो. एखादा प्रोजेक्ट फसून तुम्ही वैतागाल, तेव्हा या माणसाची ती पाच वर्षं आठवा.