ॲलन ट्युरिंग आणि कागदी पट्टीचे यंत्र



शहाद्याच्या किंवा तळोद्याच्या एखाद्या घरात काटकसर करून मुलासाठी संगणक आणला, की चार-पाच वर्षांत तो जुना ठरतो. मग शंका येते, जुन्या यंत्रावर शिकलेले गणिताचे नियम नव्या यंत्रावर खरे राहतील काय? या प्रश्नाचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंग यांची ओळख करून घ्या.

त्यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आईवडील बहुतेक काळ हिंदुस्थानात आणि मुले विलायतेत परक्या कुटुंबात, असे बालपण गेले. शाळेत अक्षर गचाळ म्हणून बोलणी खाल्ली. गणितात मात्र ते स्वतःच्या वाटेने चालत. १९३१ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि १९३६ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी आपला प्रसिद्ध निबंध लिहिला.

त्यात एक काल्पनिक यंत्र आहे. चौकटी आखलेली लांबच लांब कागदी पट्टी. यंत्र एका वेळी एकच चौकट पाहते, लिहिते किंवा पुसते आणि एक घर सरकते. ठरावीक रीतीने होणारे कोणतेही गणित हे गरीब यंत्र करू शकते, असे ट्युरिंग यांनी मांडले. (अशा रीतीला अल्गोरिदम म्हणतात, हा शब्द बगदादचे गणिती अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला.) त्याच वर्षी अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनी निराळ्या मार्गाने हाच विषय हाताळला होता. दोन्ही वाटा एकाच कुंपणापाशी थांबल्या. दिलेले यंत्र काम संपवील की फिरतच राहील, हे दरवेळी अचूक सांगणारी रीत असूच शकत नाही. यंत्र कितीही महाग घ्या, हे बदलत नाही.

वेळेचे तसे नाही. 'ती होडी जाडी होती' हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते. अशी एक हजार अक्षरे तपासायची असतील, तर एका पट्टीच्या यंत्राला या टोकाहून त्या टोकाला येरझारा घालाव्या लागतात; सुमारे पाच लाख पावले होतात. दुसरी पट्टी दिली तर नक्कल करून तीनेक हजार पावलांत काम उरकते. कष्टाचा आकडा यंत्रावर ठरला!

महायुद्धात ट्युरिंग यांनी ब्लेचली पार्क येथे जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश उलगडण्यात मोठा वाटा उचलला. पुढे मँचेस्टरला त्यांनी खऱ्या संगणकावर काम केले. पण १९५२ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल त्यांच्यावर त्या वेळच्या इंग्रजी कायद्याने खटला भरला गेला, शिक्षा म्हणून औषधोपचार लादले गेले. ७ जून १९५४ रोजी, बेचाळिसावे वर्षही पुरे होण्याआधी, सायनाइडने त्यांचा अंत झाला. देशाने अशा माणसाला दिलेली ही वागणूक लाजिरवाणीच होती. राजमाफी आली ती २०१३ मध्ये.

वेळेचा प्रश्न इतरांनी पुढे नेला. अनेक पट्ट्यांचे काम एका पट्टीवर आणले तरी पावले फार तर वर्गाच्या प्रमाणात वाढतात, हे हार्टमॅनिस व स्टर्न्स यांनी १९६५ मध्ये दाखवले. म्हणजे साध्या यंत्रांत फरक पडतो, पण आवाक्यातला. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी मात्र मोठ्या संख्येचे अवयव झटपट पाडणारी क्वांटम संगणकाची रीत मांडली. साध्या संगणकासाठी तेवढी जलद रीत माहीत नाही. ती नसतेच, असे सिद्धही झालेले नाही.