वाया जाणाऱ्या धुराचा माणूस

(कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चंच आहे, सांभाळून घ्या!)

माझ्या दादाने त्याच्या टर्बो-पेट्रोल गाडीला बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला. गिअर बदलताना पाय उचलला की जोरात ‘फुस्स!’ दादा खूश. पण गाडी अडखळायला लागली, मागून काळा धूर. कारण साधं होतं. सेन्सरने मोजलेली हवा बाहेर गेली, पण पेट्रोल मात्र तेवढ्याच हवेच्या हिशोबाने पडलं. शेवटी हवा परत इनटेकमध्ये सोडणारा जुना व्हॉल्व्ह लावला. तेव्हा मला प्रश्न पडला, हा टर्बो मुळात कोणाच्या डोक्यातून आला?

उत्तर मिळालं, आल्फ्रेड ब्यूखी. जन्म १८७९, स्वित्झर्लंडमधलं विंटरथूर गाव. वडील तिथल्याच सुल्झर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. १९०३ मध्ये झुरिकहून इंजिनिअर झाला. इंजिनातली कितीतरी उष्णता धुराबरोबर फुकट जाते, हे त्याला सहन होईना. त्याच धुरावर टर्बाइन फिरवायचं आणि त्याने कंप्रेसर चालवून सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबायची, अशी त्याची आयडिया. १९०५ मध्ये पेटंटचा अर्ज केला, तेव्हा वय फक्त २६!

पण कागदावरचं इंजिन आणि खरं इंजिन यात फरक असतो. सुल्झरमध्ये वर्षानुवर्षं प्रयोग झाले, पण मनासारखं जमेना. खरं यश आलं ते १९२५ च्या सुमाराला. ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद १७५० वरून २५०० हॉर्सपॉवरवर गेली. म्हणजे तब्बल २० वर्षं!

गंमत बघा, त्याच्या डिझेल इंजिनांना पेट्रोल गाडीसारखा थ्रॉटल नव्हता. त्यामुळे पाय उचलल्यावर कोंडलेली हवा उलटी टर्बोवर आदळण्याचा प्रश्नच नव्हता आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्हही नव्हता. १९५९ मध्ये तो वारला. अमेरिकेत टर्बोवाल्या कार विकायला आल्या १९६२ मध्ये. ते ‘फुस्स’ त्याने कधी ऐकलंच नसणार!

गेल्या सेमला थर्मोत माझी केटी लागली, तेव्हा इंजिनिअरिंग सोडायचं माझ्या मनात पक्कं झालं होतं. घरी सांगायचं तेवढं बाकी होतं. आता नाही सांगणार. ज्याने धूरसुद्धा वाया जाऊ दिला नाही, त्याच्याबद्दल वाचून एक सेम वाया गेली म्हणून रडायचं? फॉर्म भरलाय. बघू या!