न मिळालेले कर्णधारपद

खडकी गावी आमच्या शहराचा पाया घालणारा मलिक अंबर १६२६ साली वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. जहांगीर बादशहाने त्याच्या काळ्या वर्णाची निंदा केली, परंतु त्यास पुरते नमविणे त्या बादशहास साधले नाही. त्या कबरीपाशी उभे राहिले म्हणजे आम्हांस एका क्रिकेटपटूचे स्मरण होते. अंबराच्या वाट्यास वर्णावरून निंदा आली, तर पालवणकर बाळूंच्या वाट्यास जातीवरून विटाळ.

चांभार कुळातील बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर मैदानाची निगा राखीत आणि कॅप्टन ग्रेग यांस सरावासाठी तासन् तास चेंडू टाकीत. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती ऐकून पुण्यातील हिंदू क्लबाने त्यांस संघात घेतले. मात्र चहा मिळे तो मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात, आणि जेवणाचे पानही वेगळे. त्यांच्या हातचा चेंडू सर्वांनी झेलावा आणि तोच हात पंक्तीस मात्र चालू नये, हा कोणता धर्म, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही.

पुढे ते मुंबईस आले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, त्या संघात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ वारंवार हरला. बाळूंनी मात्र ११४ बळी मिळविले. एवढे झाल्यावरही कर्णधारपदाची गोष्ट निघाली की निवडकर्त्यांस जात आठवे. १९२० साली तर प्रथम त्यांस संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल या बंधूंनी खेळण्यास नकार दिला. हा नकार आम्हांस कोणत्याही बळींच्या आकड्याहून मोठा वाटतो. त्यामुळेच अंतिम सामन्यासाठी बाळूंस परत बोलावून उपकर्णधार करणे भाग पडले.

१९२३ साली धाकट्या विठ्ठलकडे कर्णधारपद आले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. बाळू पुढे राजकारणात उतरले व १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. १९५५ च्या जुलै महिन्यात मुंबईस त्यांचे निधन झाले. हिंदू संघाच्या कर्णधारांच्या यादीत विठ्ठलचे नाव आहे, बाळूंचे नाही.