कुष्ठरोगाचा जंतू नसांमध्ये शोधणारे डॉ. वसंत खानोलकर कोण होते?

अंगावर फिकट चट्टा येतो. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पण तिथली संवेदना गेलेली असते, कारण कुष्ठरोगाचा जंतू नसांमध्ये शिरलेला असतो.

असे सुरुवातीचे चट्टे सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. आडनाव वेंगुर्ले तालुक्यातल्या खानोली गावाशी नातं सांगणारं, जन्म मात्र १८९५ साली क्वेट्ट्यात. लंडनमध्ये शिकून ते मुंबईत आले. जी. एस. मेडिकल कॉलेजात आणि पुढे टाटा मेमोरियलमध्ये त्यांनी काम केलं.

कुष्ठरोग म्हणजे पूर्वजन्मीचं पाप समजून माणसाला घराबाहेर काढलं जाई, तो हा काळ. जंतू आणि नसांचं नातं कळलं, की बोटं वाकडी होण्याआधीच रोग पकडता येतो. खानोलकरांच्या कामाचं मोल इथे आहे.

१९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९७८ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज अल्झायमरमागे हर्पीसचा विषाणू किंवा हिरड्यांतले जिवाणू असतील का, यावर संशोधन सुरू आहे. ते अजून सिद्ध झालेलं नाही. कुष्ठरोगाचं कारण मात्र पक्कं ठाऊक आहे, आणि सरकारी दवाखान्यात त्यावर मोफत औषध मिळतं. तेव्हा न दुखणारा चट्टा दिसला, तर लपवू नका, दाखवा.