दोन डोळे, एक दृष्टी : इब्न अल्-हैसम



हा लेख वाचण्यापूर्वी एक साधा प्रयोग करून पाहा. एका हाताचे बोट नाकासमोर वीतभर अंतरावर उभे धरा. दुसऱ्या हातातील पेन्सिल त्याच रेषेत हातभर लांब धरा. आता नजर पेन्सिलीवर स्थिर करा. बोट एकाऐवजी दोन दिसेल. नजर बोटावर आणा, की पेन्सिल दोन दिसेल. आपल्याला डोळे दोन असताना जग मात्र एकच कसे दिसते, या प्रश्नाचा प्रयोगाने शोध घेणारा एक थोर विद्वान सुमारे एक हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे नाव अबू अली अल्-हसन इब्न अल्-हैसम. युरोप त्याला अल्हाझेन या नावाने ओळखतो.

इब्न अल्-हैसम यांचा जन्म इ. स. ९६५च्या सुमारास इराकमधील बसरा येथे झाला. गणित, ज्योतिष आणि ग्रीक विद्वानांचे ग्रंथ यांचा त्यांनी सखोल अभ्यास केला. नाईल नदीचे पाणी नियंत्रित करता येईल, असा विचार त्यांनी मांडला होता. ती वार्ता इजिप्तचा फातिमी खलिफा अल्-हाकिम याच्या कानी गेली. त्याने त्यांना सन्मानाने कैरोस बोलावून घेतले आणि माणसे देऊन नदीच्या वरच्या अंगाला पाठविले. अस्वानजवळचा प्रदेश पाहिल्यावर मात्र आपली योजना त्या काळच्या साधनांनी पार पडणार नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. वाटेत त्यांनी प्राचीन मिसरवासीयांची भव्य बांधकामे पाहिली होती. हे काम शक्य असते तर एवढ्या कुशल लोकांनी ते केव्हाच केले असते, असा विचार त्यांनी केला. परत येऊन त्यांनी आपली चूक कबूल केली. (त्याच अस्वानजवळ मोठे धरण पूर्ण झाले ते १९७० साली!)

अल्-हाकिम हा लहरी व कठोर राज्यकर्ता होता. त्याच्या रोषाला भिऊन इब्न अल्-हैसम यांनी वेड लागल्याचे सोंग घेतले व घरातच नजरकैद पत्करली, असे जुने चरित्रकार सांगतात. १०२१ साली अल्-हाकिमची कारकीर्द संपली तेव्हा त्यांची सुटका झाली. पुढे ते अल्-अझहरच्या परिसरात राहिले. युक्लिडच्या भूमितीसारख्या ग्रंथांच्या सुवाच्य प्रती करून विकणे, हेच त्यांच्या चरितार्थाचे साधन होते. १०४०च्या सुमारास कैरो येथेच त्यांचे देहावसान झाले.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे सात भागांचा 'किताबुल मनाजिर'. डोळ्यांतून किरण निघून वस्तूवर पडतात आणि म्हणून आपल्याला दिसते, असे युक्लिड व टॉलेमी मानीत. वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसते, हे इब्न अल्-हैसम यांनी सिद्ध केले. नाव कितीही मोठे असो, पडताळा घेतल्याशिवाय मान्य करावयाचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

या ग्रंथात त्यांनी डोळ्याची रचनाही वर्णिली आहे. या बाबतीत त्यांच्या पाठीशी ग्रीक वैद्य गॅलेन आणि नवव्या शतकातील बगदादचे हुनैन इब्न इसहाक यांचे ज्ञान होते. अरबीतली ही नावे मोठी बोलकी आहेत. समोरचा पारदर्शक पडदा शिंगासारखा, म्हणून 'कर्निया'. त्यामागचा द्राक्षाच्या सालीसारखा, म्हणून 'इनबिया'. आणि डोळ्याला बाहेरून वेढून सांधून ठेवणारे पांढरे आवरण म्हणजे 'मुल्तहिमा', म्हणजेच जोडणारे.

ग्रंथाच्या तिसऱ्या भागात वर सांगितलेल्या प्रयोगाचे मूळ आहे. त्यांनी हातभर लांब व चार बोटे रुंद अशी हलक्या लाकडाची फळी घेतली. नाक बसावे म्हणून एका टोकाला खाच पाडली, फळीवर रंगीत रेषा ओढल्या आणि मेणाचे छोटे खुंट उभे केले. मधल्या खुंटावर नजर लावली की तो एक दिसे. त्याच रेषेत अलीकडे-पलीकडे असलेले खुंट दोन-दोन दिसत. दोन्ही डोळे नेहमी मिळून फिरतात आणि दोघांची नजर एका ठिकाणी मिळते तेव्हाच वस्तू एक दिसते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

डोळे मिळून कसे फिरतात, हे आज आपल्याला अधिक ठाऊक आहे. प्रत्येक डोळा सहा स्नायू फिरवितात. चार सरळ, दोन तिरपे. मेंदूकडून येणाऱ्या तीन नसा त्यांना हुकूम देतात. खोबणीतील संयोजी ऊती या स्नायूंना जागच्या जागी धरून ठेवतात. विहिरीच्या रहाटावरून दोर जसा ठरल्या वाटेने जातो, तसेच हे काम आहे. बारा स्नायू एकमेकांच्या मेळाने चालले तर दृष्टी निकोप राहते. मेळ बिघडला की त्रास सुरू होतो. थायरॉईडच्या एका विकारात या ऊती व स्नायू सुजतात, डोळे पुढे येतात व एकाचे दोन दिसते. मधुमेहात एखादी नस दुबळी होऊनही असेच घडते. वाढत्या वयात या ऊती सैल पडतात.

लहान मुलाचे मात्र वेगळे असते. त्याचा एक डोळा तिरळा असेल तर त्याचा मेंदू दोन चित्रांचा गोंधळ टाळण्यासाठी त्या डोळ्याचे चित्र पाहणेच सोडून देतो. मूल तक्रार करीत नाही. तो डोळा मात्र हळूहळू मंद होतो.

हे मला पूर्वी ठाऊक नव्हते. माझ्या वर्गात पाचवीत एक मुलगी होती. फळ्याकडे बघ म्हटले की ती भलतीकडे बघते असे वाटून मी तिला अनेकदा रागावलो. घरचे म्हणत, तिरळा डोळा भाग्याचा असतो. वयात आली की आपोआप सरळ होईल. अखेर उमरग्याहून तिला सोलापूरला नेत्रतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा त्या डोळ्याची बरीचशी दृष्टी गेली होती. तीन-चार वर्षे आधी यावयास हवे होते, असे डॉक्टरांनी सांगितले. दोष त्या मुलीचा नव्हता. आम्हा मोठ्यांपैकी कोणीही पडताळा घेतला नव्हता.

पालकहो, मूल सहा महिन्यांचे झाल्यावरही त्याची नजर एका रेषेत नसेल, ते मान वाकडी करून किंवा एक डोळा मिटून पाहत असेल, तर विनाविलंब नेत्रतज्ज्ञांना दाखवा. चष्मा, चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी किंवा स्नायूंची शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. शस्त्रक्रियेत डोळा बाहेर काढीत नाहीत, स्नायूची जागा वा लांबी बदलतात. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर मंद डोळ्याला सर्वाधिक लाभ होतो. मोठ्या माणसाला अचानक एकाचे दोन दिसू लागले, तर त्यानेही त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि मुलांनो, वर्गमित्राला चकणा म्हणून चिडवू नका.

'किताबुल मनाजिर'चे लॅटिन भाषांतर १२००च्या सुमारास झाले व १५७२ साली ते बाझल येथे छापले गेले. इब्न अल्-हैसम डोळ्यातील भिंगालाच दृष्टीचे स्थान मानीत. ती चूक पुढे केप्लरने १६०४ साली दुरुस्त केली. चित्र मागच्या दृष्टिपटलावर उमटते, हे त्याने दाखविले. ज्याने थोरांचेही तपासून पाहण्यास शिकविले, त्याचेच पुढच्यांनी तपासून पाहिले, हे त्याला आवडलेच असते. २०१५ हे आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा युनेस्कोने त्यांचे स्मरण केले. चंद्रावरील एका विवरालाही त्यांचे नाव आहे.

आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. त्या अभिमानाला शोभेल असे एक काम आज संध्याकाळी घरी करा. आपल्या मुलाला उजेडात समोर बसवा, त्याचा एक-एक डोळा तळहाताने झाका आणि दुसऱ्या डोळ्याने त्याला दूरचे नीट दिसते का, ते पाहा.