नोंदींच्या जंजाळातून वाट काढणारा गणिती

गेल्या महिन्यात कोणत्या शाखेत किती खाती उघडली, असा प्रश्न बँकेच्या संगणकाला विचारला की क्षणार्धात उत्तर मिळते. या सोयीमागे एका गणितज्ञाने आपल्याच कंपनीशी दिलेला दीर्घ लढा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

एडगर फ्रँक कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर झाला. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या कॉड यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक म्हणून काम केले. १९४९ मध्ये ते अमेरिकेत आयबीएममध्ये रुजू झाले. मात्र सिनेटर मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेचा उबग येऊन १९५३ मध्ये त्यांनी देश सोडला आणि काही वर्षे कॅनडात काढली.

त्या काळी साठवलेल्या माहितीपर्यंत पोहोचण्याची वाट प्रोग्रॅमरलाच शोधावी लागे. एक नोंद वाचायची, तिच्यातील दुव्यावरून पुढची गाठायची. साठ्याची रचना बदलली की प्रोग्रॅमही बदलावे लागत. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात कॉड यांनी वेगळा मार्ग सुचविला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी. माणसाने काय हवे तेवढेच सांगावे, वाट यंत्राने शोधावी.

आयबीएमचा व्यवसाय मात्र आयएमएस या जुन्या पद्धतीच्या प्रणालीवर उभा होता. त्यामुळे कंपनीने या कल्पनेचे स्वागत थंडपणे केले. १९७४ मध्ये जुन्या पद्धतीचे पुरस्कर्ते चार्ल्स बाकमन यांच्याशी कॉड यांचा जाहीर वाद झाला. नवी पद्धत वेगात मागे पडेल, हा विरोधकांचा आक्षेप होता आणि त्या वेळच्या यंत्रांचा विचार करता तो निराधार नव्हता.

त्याच वर्षी चेंबरलिन आणि बॉइस या आयबीएमच्याच संशोधकांनी पुढे एसक्यूएल म्हणून गाजलेली भाषा मांडली. आपल्या सिद्धान्ताशी ती पुरेशी प्रामाणिक नाही, ही खंत कॉड यांना अखेरपर्यंत राहिली. १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.

कोबोल आणि आरपीजीतील जुने प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांसमोर हा प्रश्न आजही उभा राहतो. एकाच ग्राहकाची नोंद काढून दुरुस्त करायची, तर जुनी पद्धत पुरेशी ठरते. हजारो नोंदींचा एकत्र हिशेब मागायचा, तर कॉड यांच्याच वाटेने जावे लागते.