डॉ. होमी भाभांचे भाकीत

आम्हां विजय नगरच्या मुलांना इंदूरचे राजा रामण्णा केंद्र परिचित आहे. ते ज्या अणुऊर्जा विभागाचे, त्याचे पहिले सचिव डॉ. होमी भाभा होत. १९०९ साली मुंबईत जन्मलेले भाभा केंब्रिजला अभियांत्रिकीसाठी गेले आणि पदार्थविज्ञानात रमले. १९५५ साली जिनिव्हा परिषदेचे अध्यक्ष असता, वीस वर्षांत अणुसंमीलनाची ऊर्जा काबूत आणण्याचा मार्ग सापडेल, असे त्यांनी सांगितले. १९६६ साली माँ ब्लाँवर विमान कोसळून ते निवर्तले. भाकीतही फळले नाही. अडचणी अनेक होत्या. एक तर नवलाचीच. इंग्लंडमधील जेट भट्टीत १९९७ साली ट्रिशियम, म्हणजे हायड्रोजनचा एक जड प्रकार, इंधन म्हणून घातला. त्याचा बराच भाग कार्बनच्या भिंतींनीच धरून ठेवला! २०११ साली तेथे बेरिलियम व टंगस्टन बसविल्यावर भिंतींत अडकणारे इंधन पुष्कळ घटले.